शुगर मेपल: रसाच्या आधी त्याच्या पायाखालची माती बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडात, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला नुकतंच घर घेतलंय, परसात मेपलचं मोठं झाड आहे. ज्याचा गोड रस आटवून सिरप करतात तो शुगर मेपल हाच का? त्याला भोक पाडून घरच्या घरी सिरप करता येईल का? जंगलखात्याची माणसं या झाडाचं एवढं कौतुक का करतात? आणि त्याच्या पंखवाल्या बिया सुट्टीत महाबळेश्वरला नेऊन लावल्या तर उगवतील का?

मी पूर्व ऑंटारिओत खाजगी जंगलांच्या मालकांना सल्ला देते: कुठलं झाड ठेवायचं, कुठलं काढायचं, रस काढायला कुठल्या झाडाला हात लावायचा आणि कुठल्याला नाही. आमच्याकडची बरीचशी जंगलं मेपलचीच. त्यामुळे चारही प्रश्नांची उत्तरं देते, पण तिसऱ्यावर जरा जास्त रेंगाळणार आहे. सिरपची कृती कुठेही मिळते. जंगलात हे झाड नेमकं काय करतं, हे मात्र जंगलमालकांनाही फारसं माहीत नसतं.

आधी ओळख. तुमचं झाड शुगर मेपल नसण्याचीच शक्यता जास्त. टोरांटोच्या आसपासच्या वसाहतींमधून विसाव्या शतकात सर्रास लावला गेला तो नॉर्वे मेपल. हा मूळचा युरोपातला. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन बार्ट्रम यांनी तो १७५६ साली फिलाडेल्फियात आणला. पुढे डच एल्म रोगाने रस्त्याकडेचे एल्म साफ झाले, तेव्हा त्या जागा भरायला हाच हाताशी होता, कारण धूर, मीठ, दबलेली माती असं काहीही तो सोसतो. पारख सोपी आहे. जून-जुलैत एक पान तोडा आणि देठाचं तुटलेलं टोक दाबून पाहा. पांढरा चीक आला तर नॉर्वे मेपल. शुगर मेपलच्या देठातून पाण्यासारखा स्वच्छ रस येतो. आणि तुमच्या झाडाची पानं उन्हाळाभर गडद लालजांभळी असतील तर चीकही बघू नका, तो नॉर्वेचाच 'क्रिमसन किंग' नावाचा वाण. लोक त्याच्याखाली उभं राहून कॅनडाच्या झेंड्याचं झाड म्हणून फोटो काढतात, ते सोडा. २०१३ मध्ये तर नव्या प्लास्टिकच्या नोटांवरचं पान नॉर्वे मेपलचं दिसतं, अशी तक्रार वनस्पतिशास्त्रज्ञांनीच केली होती. कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेचं म्हणणं होतं की ते कुठल्याही एका जातीचं पान नाही, कल्पनेनं काढलेलं आहे.

चीक आला नाही तर पुढे चला. शुगर मेपलच्या पानाला साधारण पाच बोटं, बोटांची टोकं अणकुचीदार, पण मधल्या खाचा गोलसर आणि पानाची कड गुळगुळीत. कडेला बारीक दाते असतील आणि खाच टोकदार असेल तर तो रेड मेपल. पान खोलवर कापलेलं आणि खालून चंदेरी असेल तर सिल्व्हर मेपल. पानं फांदीवर समोरासमोर जोडीनं येतात, ही खूण सगळ्या मेपलांना लागू. काश्मीरला जाऊन आलेले आपले बरेच लोक चिनारला मेपल म्हणतात. चिनारची पानं एकाआड एक येतात आणि फळ गोल गोंड्यासारखं लोंबतं. मेपलचं फळ म्हणजे दोन पंखांची जोडी, गरगरत खाली येणारी. शुगर मेपलमध्ये हे पंख जवळजवळ समांतर असतात, नॉर्वेत मात्र आडवे फाकलेले. त्या जोडीतली एक बाजू बहुतेक वेळा पोकळ निघते, बी एकीतच भरतं.

हिवाळ्यात पानं नसतात, तेव्हा मी डहाळीचं टोक बघते. शुगर मेपलचा टोकाचा डोळा तपकिरी, सुईसारखा टोकदार आणि खवल्याखवल्यांचा असतो. रेड मेपलचा बुटका आणि लाल, नॉर्वेचा जाडजूड आणि हिरवट-लालसर. सालीवर फार भिस्त ठेवू नका. म्हाताऱ्या शुगर मेपलची साल एका कडेनं सुटून उभ्या पट्ट्यांनी वळते, पण तरुण झाडाची साल गुळगुळीत राखाडी असते आणि तिथे भलेभले फसतात.

शास्त्रीय नाव एसर सॅकरम, कुळ सॅपिंडेसी. म्हणजे आपला रिठा, कोशिंब आणि लिची यांच्याच कुळातला. उंची साधारण २५ ते ३५ मीटर, आणि घाव-रोग लागला नाही तर आयुष्य तीनशे वर्षांच्या पुढे. नोव्हा स्कोशियापासून दक्षिण क्वेबेक-ऑंटारिओ, न्यू इंग्लंड, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन आणि डोंगराडोंगरानं खाली टेनेसीपर्यंत याचा मुलूख. उत्तरेकडे फार थंडी आणि दक्षिणेकडे फार उष्णता त्याला अडवते. पाणी साचणारी जमीनही चालत नाही, खडकाळ कोरडी जमीनही नको. भुसभुशीत, निचऱ्याची, चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असलेली माती मिळाली की मग त्याला कोणी हटवू शकत नाही.

आता जंगलातलं काम. शुगर मेपलचा खरा डाव म्हणजे सावलीत थांबणं. बहुतेक झाडांची रोपं गर्द सावलीत दोन-चार वर्षांत मरतात, मेपलची मात्र टिकतात. एखाद्या जुन्या जंगलात कमरेइतकं काटकुळं रोप दिसलं तर त्याला लहान समजू नका. डहाळी हातात घ्या आणि टोकाकडून बुडाकडे बघत या. दरवर्षी टोकाचा डोळा फुटला की त्याच्या खवल्यांचा वण डहाळीभोवती बारीक वळ्यांसारखा राहतो. दोन वणांमधलं अंतर म्हणजे एका वर्षाची वाढ. सावलीतल्या रोपावर हे अंतर कधीकधी बोटाच्या पेराइतकंही नसतं, आणि वण मोजत गेलात तर ते रोप वीस-तीस वर्षांचं निघतं. मग एखाद्या वादळात वरचं मोठं झाड कोसळतं, उजेडाची खिडकी उघडते आणि तेच रोप झपाट्यानं वर सरकतं. म्हणून जंगल पाहायला गेले की मोठ्या झाडांच्या आधी मी गुडघ्याएवढी रोपं बघते. रोपांची गर्दी असेल तर त्या जंगलाला पुढची पिढी आहे. वर राजवाडा आणि खाली नुसता मोकळा पाला असेल तर मालकाला काळजी करायला सांगते.

अशा ठिकाणी पहिला संशय हरणांवर घ्यायचा. पांढऱ्या शेपटीच्या हरणांना मेपलची कोवळी टोकं आवडतात, आणि शिकार कमी, लांडगे नाहीत, अशा पट्ट्यात ती रोपांना गुडघ्याच्या वर येऊच देत नाहीत. बीच या दुसऱ्या झाडाचा कोंब मात्र ती फारसा खात नाहीत. शिवाय बीचला सालीचा रोग लागून मोठी झाडं मरतात आणि मुळांतून बीचच्याच कोंबांचं रान माजतं. मेपलचं जंगल बघता बघता बीचच्या झुडपांचं होतं. हे मालकांना पटवायला वेळ लागतो, कारण हिरवं तर दिसतंच असतं.

मेपलचं दुसरं काम जमिनीवर चालतं आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. याची गळलेली पानं मऊ असतात, चुन्यानं समृद्ध असतात आणि लवकर कुजतात. बीच किंवा ओकची पानं दोन-तीन वर्षं तशीच पडून राहतात, मेपलची त्यामानानं लवकर मातीत जिरतात. मुळांना साथ देणारी बुरशीही बीच-ओकपेक्षा वेगळ्या गटातली. या सगळ्याचा परिणाम असा की मेपलखालच्या मातीत नत्राचं चक्र वेगानं फिरतं, आम्लता कमी राहते आणि खोलवरचा चुना मुळांवाटे पानांत आणि पानांतून पुन्हा वरच्या थरात येत राहतो. म्हणजे झाड स्वतःला हवी तशी माती स्वतःच तयार करत असतं. या मातीवर मग बाकीचा पसारा उभा राहतो. एप्रिलअखेरीस, वर पानं फुटायच्या आधी जो दोन-तीन आठवड्यांचा उजेड खाली पोचतो, तेवढ्यात ट्रिलियम, ट्राउट लिली, स्प्रिंग ब्यूटी, रानलसूण ही सगळी मंडळी पानं-फुलं उरकून घेतात. पांढरा ट्रिलियम ऑंटारिओचं राज्यफूल आहे, आणि तो भरभरून पाहायचा तर मेपलच्या जंगलातच.

पाण्याचं प्रकरण तर मला अजूनही नवल वाटायला लावतं. वनस्पतींचे अभ्यासक टॉड डॉसन यांनी १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शुगर मेपलांवर दाखवून दिलं की कोरड्या दिवसांत हे झाड खोलवरच्या मुळांनी पाणी ओढतं आणि रात्री, पानांची तहान थांबली की, त्यातलं काही पाणी वरच्या उथळ मुळांतून मातीत सोडतं. पुढे १९९६ मध्ये सुमारे वीस मीटर उंचीच्या एका झाडाचा हिशोब मांडला गेला, तो रात्रीला अंदाजे १०० लिटरचा निघाला. सकाळी यातलं बरंचसं झाड स्वतःच परत पिऊन घेतं. पण खोडाच्या जवळपासच्या उथळ मुळांच्या वनस्पतींनाही त्यातलं मिळतं. त्या लांबच्या भाईबंदांपेक्षा कमी सुकतात. मोठा मेपल काढला की खालची झुडपं पहिल्याच कोरड्या उन्हाळ्यात का माना टाकतात, याचं एक कारण इथे असावं असं मला वाटतं. उजेड वाढला म्हणून ती वाढतील, असं मालकानं गृहीत धरलेलं असतं.

रसाचे गिऱ्हाईक आपणच नाही. सॅपसकर नावाचा सुतारपक्षी सालीत ओळीनं बारीक भोकं पाडतो आणि रस पितो. मे महिन्यात हमिंगबर्ड येतात तेव्हा फुलं कमी असतात, तेही याच भोकांवर येऊन तोंड मारतात. लाल खारी उन्हाळ्याची वाट बघत नाहीत. त्या हिवाळ्याच्या शेवटी फांदीचा चावा घेतात, निघून जातात आणि पाणी उडून साखरेचा थर राहिला की येऊन चाटतात. मेन राज्यात जीवशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिख यांनी हे बारकाईनं नोंदवलं आहे. रस ताजा पिण्यात अर्थ नाही, त्यात साखर दोनच टक्के, हे खारीला आपल्या आधी कळलेलं असणार.

आता मातीला काय झालंय ते. आपल्याकडे गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र, त्यामुळे पुढचं वाक्य पचायला जड जातं: इथल्या मेपलच्या जंगलात गांडूळ हा शत्रू आहे. हिमयुगात हा सगळा प्रदेश बर्फाखाली होता. बर्फ हटल्यावर जी जंगलं आली ती गांडुळांशिवायच वाढली. आत्ता जी गांडुळं दिसतात ती युरोपातून रोपांच्या मातीतून, जहाजांच्या भरावातून, मासे पकडणाऱ्यांच्या डब्यांतून आलेली, आणि अलीकडे त्यात आशियाई उड्या मारणाऱ्या गांडुळांची भर पडली आहे. मेपलचं बी पडतं ते कुजत्या पाल्याच्या मऊ थरात, आणि रोपाची कोवळी मुळंही त्याच थरात पसरतात. गांडुळं तो थर एका मोसमात खाऊन टाकतात. जंगलात वाकून मूठभर पाला उचला. निरोगी जागी वर कोरडी पानं, त्याखाली अर्धवट कुजलेली, त्याखाली काळा स्पंजासारखा थर आणि त्यात गुंतलेली केसासारखी मुळं, असे थर बोटांना कळतात. गांडुळांच्या जागी वरची पानं उचलली की थेट उघडी माती लागते, दाणेदार, आणि मोठ्या झाडांची मुळं उघडी पडलेली. खात्री करायची तर मोहरीची पूड पाण्यात कालवून जमिनीच्या छोट्या तुकड्यावर ओतायची. तिखटपणानं त्वचा चुरचुरते आणि गांडुळं भराभर वर येतात, झाडांना काही होत नाही. साधारण चार लिटर पाण्याला चाळीस ग्रॅम पूड. एकदा आलेली गांडुळं घालवायचा उपाय नाही. बाहेरची माती, खत, गळाची उरलेली गांडुळं जंगलात टाकू नयेत, एवढंच हातात असतं.

दुसरा घाव आम्लपावसाचा. १९८० च्या दशकात क्वेबेक आणि पेनसिल्व्हेनियात शुगर मेपलचे शेंडे मोठ्या प्रमाणावर वाळायला लागले. कारखान्यांच्या धुरातलं गंधक पावसाबरोबर येऊन मातीतला चुना धुऊन नेत होतं, आणि चुना गेला की मातीतलं ॲल्युमिनियम मोकळं होऊन मुळांना बाधतं. हे नुसतं अनुमान राहिलं नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूकच्या प्रायोगिक जंगलात १९९९ साली जवळजवळ १२ हेक्टरच्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरनं वोलास्टोनाइट, म्हणजे कॅल्शियमचं सिलिकेट, पसरवलं. त्यानंतर तिथल्या शुगर मेपलांचे शेंडे सुधारले, रोपं वाढली, मुळांवरची बुरशी परत आली. शेजारच्या न टाकलेल्या पाणलोटात तसं झालं नाही. धूर कमी झाला तरी धुऊन गेलेला चुना आपोआप परत येत नाही, म्हणून ग्रॅनाइटच्या खडकावरच्या जंगलांत आम्ही आजही आधी मातीची तपासणी करून घेतो.

तिसरी गोष्ट बर्फाची. जमिनीवरचा बर्फ उथळ मुळांचं थंडीपासून रक्षण करतो. हबर्ड ब्रूकमध्येच हिवाळ्याच्या सुरुवातीला मुद्दाम बर्फ खरवडून काढून पाहिला, तर माती गोठली, मुळं दुखावली आणि मेपलची वाढ सुमारे ४० टक्क्यांनी घटली. हिवाळा उबदार झाला म्हणजे झाडाला सुख झालं, हा समज इथे उलटा पडतो. बर्फ कमी पडला आणि मधेच एखादी कडाक्याची लाट आली की नुकसान जास्त.

पानगळीच्या रंगांबद्दल एकच सांगते, त्यावर लिहिणारे बरेच आहेत. पिवळा-नारिंगी रंग पानात आधीपासून असतो आणि हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र शरद ऋतूत नव्यानं तयार होतो. एखादी फांदी ऑगस्टमध्येच लाल झाली तर फोटो काढून झाल्यावर त्या फांदीच्या बुडाशी जाऊन बघा. मुळं चिरडलेली, खोडाला जखम किंवा साल पोखरणारा भुंगा, यापैकी काहीतरी सापडतं.

आता तुमचं सिरप. रस वाहतो कसा, हे आधी समजून घ्या, म्हणजे वेळ चुकणार नाही. उन्हाळ्यात झाड लाकडात पिष्टमय साठा करतं, थंडीत त्याची साखर होते. मेपलच्या लाकडात रसवाहिन्यांच्या भोवतीच्या पेशींत पाणी नसून हवा असते, ही त्याची खासियत. रात्री शून्याखाली गेलं की ही हवा दबते, पेशींत बर्फ धरतो आणि मुळांकडून पाणी वर ओढलं जातं. दिवसा शून्यावर आलं की बर्फ वितळतो, हवा फुगते आणि दाबानं रस बाहेर येतो. म्हणजे रात्री उणे पाच, दिवसा अधिक पाच, असे दिवस हवेत. दक्षिण ऑंटारिओत ते साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत मिळतात. डोळे फुगायला लागले की रसाला उग्र चव येते, तेव्हा थांबायचं.

झाडाचा घेर छातीच्या उंचीला निदान ८० सेंटिमीटर हवा. मी ९५ च्या खाली हात लावू देत नाही. नॉर्वे किंवा रेड मेपल निघाला तरी रस निघतो, फक्त साखर बहुधा कमी. आजारी झाडाला, किंवा कीटकनाशक टोचलेल्या झाडाला भोक पाडू नका. आठ मिलिमीटरचं स्वच्छ ड्रिल, खोली सुमारे चार सेंटिमीटर, किंचित वरच्या दिशेनं, म्हणजे रस बाहेर घरंगळेल. ड्रिलबरोबर येणारा भुसा हातावर घेऊन बघा. मलईसारखा पांढरा असेल तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी आला तर तुम्ही जुन्या जखमेत शिरलात, तिथून रस यायचा नाही. झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंत घालून तो भाग वेगळा पाडतं. झाडांच्या जखमांचे अभ्यासक ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. प्रत्येक भोकाच्या वर-खाली मेलेल्या लाकडाची एक उभी पट्टी कायमची राहते, म्हणून पुढच्या वर्षीचं भोक जुन्यापासून चांगलं बाजूला आणि वर-खाली सरकवून घ्यायचं. एका झाडाला एकच भोक आणि त्यात ठोकलेली एकच तोटी पुरे. ज्या वर्षी सुरवंटांनी झाड बोडकं केलं, त्याच्या पुढच्या वर्षी एकही नको.

तोटीखाली बादली लावली तर मोसमात साधारण ४० लिटर रस मिळतो आणि त्याचं एक लिटर सिरप होतं. हिशोब सोपा आहे: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागायचं. दोन टक्के असेल तर ४३ लिटरला एक लिटर. रस थंड ठेवा आणि एक-दोन दिवसांत आटवा. आणि कृपा करून घरात आटवू नका. चाळीस लिटर पाण्याची वाफ भिंतींवर बसते, इथल्या भिंती जिप्समच्या आहेत. परसात चूल मांडा, पण त्याआधी शहराचे आगीचे नियम बघा. कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ पाहिलं असेल तर बाकी सगळं ओळखीचं वाटेल: पसरट काहील, मळी काढत राहणं, फेस वर आला की थेंबभर स्निग्ध पदार्थ, आणि शेवटच्या पाच मिनिटांत नजर न हटवणं. फरक एवढाच की गुळव्या पाक बोटांनी जोखतो, इथे थर्मामीटर. त्या दिवशी पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या चार अंश सेल्सियस वर गेलं की काकवी झाली, म्हणजे साखर ६६ टक्क्यांच्या आसपास. त्याआधी उतरवलं तर बुरशी धरते, नंतर उतरवलं तर बरणीच्या तळाशी खडे जमतात. तळाशी वाळूसारखा गाळ दिसला तर घाबरू नका, तो मुख्यतः मॅलिक आम्लाचं कॅल्शियमक्षार असतो. लोकरीच्या फडक्यातून गाळून घ्या.

हे कसब इथल्या मूळ रहिवाशांचं. अनिशिनाबे लोकांची कुटुंबं वसंतात मेपलच्या रानात मुक्काम ठोकत आणि पातळ पाक न ठेवता पार साखरेपर्यंत नेत, कारण साखर बर्चच्या सालीच्या डब्यांत वर्षभर टिकते. आजचा धंदा मात्र प्लास्टिकच्या नळ्या, निर्वात पंप आणि आधी पाणी गाळून काढणाऱ्या यंत्रांवर चालतो. जगातलं जवळजवळ ७० टक्के सिरप एकट्या क्वेबेकात होतं, आणि तिथे त्याची सरकारी धान्यासारखी राखीव गोदामं आहेत. त्यातल्या एका गोदामातून २०११-१२ मध्ये सुमारे तीन हजार टन सिरप चोरीला गेलं होतं, पिंपांत पाणी भरून ठेवलं होतं म्हणे चोरांनी.

महाबळेश्वरबद्दल. बी उगवेल, झाड होणार नाही. शुगर मेपलच्या बीला ओलाव्यात, शून्याच्या जरा वर, दोन-तीन महिने काढावे लागतात आणि ते सगळ्यात चांगलं उगवतं ते सुमारे एक अंश सेल्सियसला. जंगलातल्या झाडांमध्ये इतक्या कमी तापमानाला उगवणारं दुसरं ऐकिवात नाही. हे फ्रीजमध्येही साधतं. पण पुढे रोपाला दरवर्षी कित्येक महिन्यांची सलग थंडी लागते, तिच्याशिवाय डोळे नीट फुटत नाहीत. वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे हिमकण दिसले की वर्तमानपत्रात बातमी येते, पण त्याच दिवशी दुपारी तिथे स्वेटर काढावा लागतो. वर पावसाळ्यातला चिखल. शिवाय परवान्याशिवाय परदेशी बियाणं नेणं नियमात बसत नाही, आणि ते योग्यच आहे. बाहेरून आलेल्या गांडुळांनी इथे काय केलं ते वर सांगितलंच. भारतात मेपल हवाच असेल तर हिमालयात त्याचे स्वतःचे सख्खे भाऊ आहेत. सह्याद्रीत लावायचं तर याच कुळातला कोशिंब लावा. फाल्गुन-चैत्रात त्याची नवी पालवी लालभडक येते, गावच्या हवेत तो टिकतो आणि पक्ष्यांना फळंही मिळतात. ऑनलाइन 'निळ्या मेपलच्या बिया' विकणाऱ्यांकडून काही घेऊ नका, निळा मेपल नावाचं झाड नाही.

ब्रॅम्प्टनच्या परसात नवीन शुगर मेपल लावायचा विचार असेल तर जागा रस्त्यापासून दूर निवडा. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ त्याला अजिबात सोसत नाही. घरापासून आठ-दहा मीटर तरी लांब लावा. बांधकामानंतर दाबून टाकलेली माती असेल तर आधी ती मोकळी करून कंपोस्ट घाला. बुंध्याभोवती गवत नको, पाला ठेवा, पण खोडाला चिकटून ढीग करू नका. शरदात पडलेली सगळी पानं पिशव्यांत भरून रस्त्यावर ठेवायची इथली सवय आहे, ती निदान या झाडाखाली तरी सोडा. रस काढण्याजोगा घेर यायला चाळीसेक वर्षं जातील, हे मुलांनाही आत्ताच सांगून ठेवा. आणि नर्सरीत पाटीवर नुसतं 'मेपल' किंवा 'ऑटम ब्लेझ' लिहिलेलं असेल तर ते झाड हे नव्हे. 'ऑटम ब्लेझ' हा रेड आणि सिल्व्हर मेपलचा संकर आहे. पाटीवर एसर सॅकरम असंच हवं. एसर प्लॅटनॉइडिस लिहिलं असेल तर तो पुन्हा नॉर्वेच.